डोळ्यातनं पाणी येलालंय का?

गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वराची जत्रा, जवळ आला की सगळ्या सोलापूरला आनंद होतो, मलाही होतो, पण माझ्या त्या आनंदात एका वर्षीचा जानेवारी महिना कायमचा मिसळलाय, २०१७ चा. माझा मुलगा तेव्हा नऊ महिन्यांचा होता. अक्षता सोहळ्याला आम्ही त्याला घेऊन गेलो होतो. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, नंदीध्वज, हलग्यांचा आवाज, आणि हा आजोबांच्या खांद्यावर बसून डोळे एवढे मोठे करून सगळं बघत होता. नंतर होम मैदानावर पाळण्यांच्या बाजूला थोडं फिरलो, कुणी त्याच्या हातात चुरमुरे दिले, कुणी गालाला हात लावला, लहान लेकराला घेऊन जत्रेत गेलं की होतं ते सगळं झालं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने पहिली उलटी केली.

पहिल्या उलटीला कोण घाबरतं? सासूबाईंनी, त्यांना आम्ही सगळे आत्याच म्हणतो, मीठ-मोहरी उतरवून टाकली, एवढ्या गर्दीत नेलं म्हणून मला थोडं बोलल्याही. रात्रीतून अजून चार उलट्या झाल्या, अंग तापलं, आणि सकाळी जुलाब सुरू झाले. जुलाब म्हणजे नुसतं पाणी, पिवळट हिरवं, आंबूस वासाचं, लंगोटात काही थांबतच नव्हतं. खालचे दोन दात आलेले होते, वरचे येत होते, त्यामुळे येणारा जाणारा प्रत्येक माणूस एकच सांगत होता, दात येताना पोट चालतंच, त्यात काय एवढं. मीही तेच धरून बसले कारण तेच धरून बसायला सोपं होतं. दुपारपर्यंत अकरा वेळा झालं, हे मला आठवतं कारण मी अकराव्यांदा लंगोट धुवायला गेले तेव्हा पाण्याचा ड्रम खाली गेलेला दिसला. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, ते अजून दोन दिवस लांब होतं, आणि मी तिथे उभी राहून हिशेब करत होते की पोराचे लंगोट धुवायचे का प्यायला ठेवायचं.

जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथे एक अँटिबायोटिक मिळालं, एक गुलाबी औषध, आणि दोन दिवस दूध बंद करा असं सांगितलं. अंगावरचं पण? असं मी विचारलं तर हो म्हणाले. आज मला माहितीये की यातलं काहीच बरोबर नव्हतं. हा व्हायरस आहे, अँटिबायोटिकचा त्याच्यावर काही उपयोग नाही, आणि आईचं दूध तर अशा वेळी मुळीच थांबवायचं नसतं, उलट जास्त वेळा पाजायचं. पण तेव्हा मी ऐकलं. येताना मेडिकलमधून ओआरएस मागितलं तर त्याने एक टेट्रापॅक दिला, सफरचंदाच्या चवीचा, पुढे मोठ्या अक्षरात ओआरएस लिहिलेलं. पोरगा आवडीने प्यायला, मला इतकं बरं वाटलं, आणि तासाभरात जुलाब आधीपेक्षा वाढले.

त्या पॅकबद्दल थोडं थांबून सांगते, कारण माझा राग अजून गेलेला नाही. खऱ्या ओआरएसमध्ये साखर आणि मीठ यांचं माप ठरलेलं असतं, ते उगीच ठरलेलं नाही. आतड्याच्या पेशींमध्ये एक दार असं आहे की जिथून ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत जातात आणि त्यांच्या मागे पाणी जातं. जुलाब कितीही असले तरी हे दार बऱ्यापैकी चालू राहतं, सगळी करामत एवढ्या एका गोष्टीवर आहे. साखर प्रमाणाबाहेर झाली की उलटं होतं, ती आतड्यात पडून राहते आणि शरीरातलंच पाणी ओढून बाहेर काढते. म्हणजे मी पैसे देऊन, प्रेमाने, माझ्या पोराचं पाणी बाहेर काढत होते. ज्या पेयात ते माप नाही त्याच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायचा नाही असा आदेश एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, काढला तो २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये. हैदराबादच्या एक बालरोगतज्ज्ञ बाई त्यासाठी कितीतरी वर्षं भांडत होत्या. ती बातमी मी तीनदा वाचली.

तर त्या संध्याकाळी. आत्या रोज रात्री त्याच्या टाळूवर तेल घालायच्या, जन्मापासून एक दिवस चुकवला नव्हता. त्या दिवशीही वाटी घेऊन बसल्या, बोट तेलात बुडवलं, टाळूवर ठेवलं आणि हात तसाच राहिला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, टाळू बसलीय याची." मी बोट लावून बघितलं. रोज जिथे मऊ आणि भरलेलं लागायचं, खाली धडधड कळायची, तिथे बशीसारखा खड्डा होता. त्याला दुखलं नाही की तो हललाही नाही, माझ्याकडे बघत होता पण बघत नव्हता.

त्याच वेळी शेजारच्या अक्का आल्या. आम्ही राहतो ते कन्ना चौकाच्या मागच्या भागात, अर्धी गल्ली पद्मशाली, घरात तेलुगू बोलतात आणि बाहेर आपली सोलापुरी मराठी. अक्का बिड्या वळतात, त्यांच्या हाताला कायम तंबाखूचा वास. दारातच उभ्या राहून त्यांनी विचारलं, "रडताना डोळ्यातनं पाणी येलालंय का त्याच्या?"

मला प्रश्नच कळला नाही. मग आठवलं की दुपारी तो रडत होता, तोंड वाकडं करून, आवाज अगदी बारीक, आणि गाल कोरडे होते. नाही, मी म्हणाले, पाणी नाही येत. अक्कांनी हातातलं बिड्यांचं सूप दारातच खाली ठेवलं आणि म्हणाल्या, उठ, सिव्हिलला चल, कपडे बदलू नको. रिक्षासुद्धा त्यांनीच थांबवली.

सिव्हिलच्या बालरुग्ण विभागात डॉक्टरांनी पहिलं काम केलं ते म्हणजे पोटाची कातडी दोन बोटांच्या चिमटीत धरून सोडली. ती लगेच सपाट व्हायला पाहिजे. याची तशीच उभी राहिली, चुरगळलेल्या कापडाला घडी राहते तशी, आणि मग सावकाश, अगदी सावकाश खाली गेली. ते दोन-तीन सेकंद मी आयुष्यात विसरणार नाही. वजन केलं. गेल्या आठवड्यात पावणेआठ किलो भरलेलं पोर सातवर आलं होतं. शू केव्हा केली विचारलं तर मला सांगता येईना, पाण्यासारखी शी आणि शू यात फरकच कळत नव्हता. सलाईनसाठी शीर सापडेना, हात झाले, पाय झाले, शेवटी घोट्यापाशी मिळाली. ती सिस्टर घामाघूम झाली होती जानेवारीतसुद्धा.

सकाळी तो जरा शुद्धीवर आल्यासारखा झाला, तेव्हा दुसऱ्या एका सिस्टरने मला ओआरएस कसं द्यायचं ते शिकवलं, आणि ते शिकणं म्हणजे खरंच शिकणं होतं. एक लिटर पाणी मोजून, त्यात अख्खं पाकीट, अर्धं पाकीट अर्ध्या अंदाजाने नाही. बाटलीने नाही, वाटी-चमच्याने. मिनिट-दोन मिनिटाला एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सुरू, आणखी हळू. अंगावरचं दूध चालू. आणि झिंकची गोळी चमच्यात विरघळवून रोज एक, चौदा दिवस, जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण. मी त्या दिवशी सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत चमचा हातातून खाली ठेवला नाही. टिप्पणी करायला सोपं आहे की मीठ-साखरेचं पाणी, त्यात काय. १९७१ साली बांगलादेशचे निर्वासित पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याने मरत होते, सलाईन संपत आलेलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ड्रममध्ये हेच पाणी कालवून नातेवाईकांच्या हातात दिलं, आणि तिथलं मरणाचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपासवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. नातेवाईकांच्या हातात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांना पद्मविभूषण मिळालं २०२३ मध्ये, गेल्यानंतर.

डॉक्टर राउंडला आले तेव्हा म्हणाले, रोटा असणार, थंडीच्या दिवसांत अशी पोरं येतातच. रोटा. हा शब्द मी ऐकला होता. कुठे ऐकला होता ते आठवायला मला दुपार लागली.

दीड महिन्याचा असताना एका खाजगी दवाखान्यात लस द्यायला नेलं होतं, तिथे फाईलवर डॉक्टरांनी लसींची यादी केली होती आणि एका ओळीपुढे लिहिलं होतं, ऑप्शनल. रोटाव्हायरस, ऑप्शनल. मी विचारलं होतं, द्यायलाच पाहिजे का? ते म्हणाले, तुमच्यावर आहे, डोसमागे हजाराच्या वर जातील. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते, नवऱ्याची नोकरी तेव्हा नुकतीच बदललेली, आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि जे ऑप्शनल होतं ते सोडलं. जुलाबाची लस, असंच मनात आलं होतं माझ्या. जुलाबासाठी कुणी लस घेतं का?

हा व्हायरस १९७३ साली मेलबर्नमध्ये सापडला, रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना, जुलाबाने आजारी मुलांच्या आतड्याचा अगदी छोटा तुकडा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघताना. चाकासारखा दिसतो म्हणून रोटा, लॅटिनमध्ये रोटा म्हणजे चाक. आतड्याच्या आतल्या भिंतीवर जी बारीक बारीक बोटं असतात, जी अन्न-पाणी शोषतात, त्यांच्या टोकावरच्याच पेशी तो मारतो. ती टोकं परत उगवतात, काही दिवसांत उगवतात, म्हणजे आजार आपोआप बरा होणारा आहे. प्रश्न फक्त तेवढे दिवस लेकराच्या अंगात पाणी टिकवायचा आहे. जी मुलं जातात ती पाणी संपून जातात. लस येण्याआधीचा अंदाज असा होता की आपल्या देशात दर वर्षी पाच वर्षांखालची सुमारे ७८ हजार मुलं एकट्या या व्हायरसने जात होती. हॉस्पिटलमध्ये जुलाबासाठी दाखल होणाऱ्या लहान मुलांत दहातल्या चार जणांना हाच असायचा.

मी कितीतरी दिवस आमच्या ड्रमला दोष देत होते. पाणी साठवून ठेवतो, चार दिवसांचं शिळं, त्यातनंच झालं असणार. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, पाणी उकळा, हात साबणाने धुवा, ते सोडू नका, त्याने बाकीचे दहा आजार जातील, पण रोटा तेवढ्याने थांबत नाही. अमेरिकेत, युरोपात, जिथे नळाला चोवीस तास शुद्ध पाणी आहे, तिथेसुद्धा पाच वर्षांची होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला तो एकदा तरी व्हायचाच. आजारी मुलाच्या शीमधून तो अब्जावधींच्या संख्येने बाहेर पडतो आणि दुसऱ्याला व्हायला शंभरसुद्धा कण लागत नाहीत, खेळण्यावर, दाराच्या कडीवर, हातावर टिकून राहतो. फरक एवढाच की तिकडे मूल वाचायचं, आणि इकडे ते दवाखान्यापासून किती लांब आहे यावर ठरायचं. म्हणून तर लस लागते. हे ऐकल्यावर माझ्या डोक्यावरचं ड्रमचं ओझं उतरलं आणि फाईलवरच्या त्या शब्दाचं चढलं.

आणि तो शब्द तरी कुणासाठी होता? आमच्या गल्लीतच अक्कांची मुलगी आदोनीला दिलेली, आंध्रात. तिचं बाळंतपण इथेच झालं, तिचं लेकरू माझ्या मुलापेक्षा दोन महिन्यांनी लहान. सव्वा महिना झाल्यावर ती सासरी गेली आणि तिकडच्या सरकारी दवाखान्यात तिच्या बाळाला रोटाचे तिन्ही डोस फुकट मिळाले. कारण सरकारने २०१६ च्या मार्चमध्ये ही लस मोफत कार्यक्रमात सुरू केली ती आधी चार राज्यांत, आंध्र, हरियाणा, हिमाचल आणि ओडिशा. महाराष्ट्राची पाळी २०१९ मध्ये आली. टप्प्याटप्प्याने सुरू करावं लागतं हे मला समजतं, लशीचा साठा, शीतसाखळी, माणसं तयार करणं. तरी पण आगगाडीने काही तासांच्या अंतरावर एक बाळ सुरक्षित आणि एक बाळ वॉर्डात, आणि दोघांच्या आज्या-आया एकाच दारात बसून शेंगा फोडणाऱ्या, हे मला अजून नीट पचत नाही.

लस आपल्याकडचीच आहे हे मला फार उशिरा कळलं. १९८० च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या लोकांना दिसलं की तिथल्या नवजात बाळांमध्ये रोटाव्हायरस आहे पण बाळं आजारी पडत नाहीयेत, आणि पुढेही त्यांना हा आजार जोराचा होत नाही. म्हणजे त्या बाळांमधला व्हायरसच मवाळ निघाला, आणि तो शिकवून जात होता. त्याचं नाव ११६ई. त्यातून लस व्हायला तीस वर्षं लागली. दिल्ली, पुणे आणि वेल्लोर इथल्या ६,७९९ बाळांवर चाचणी झाली, हैदराबादच्या भारत बायोटेकने ती बनवली आणि २०१५ च्या मार्चमध्ये ती बाहेर आली. नंतर पुण्याच्या सीरमचीही आली. ती ६,७९९ कुणाची तरी बाळं होती, त्यातली शेकडो आपल्याच महाराष्ट्रातली. त्यांच्या आयांनी हो म्हटलं होतं.

चाचणीत पहिल्या वर्षी जोराच्या आजारापासून संरक्षण मिळालं ते ५६ टक्के. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला कमी वाटला, खरं सांगते. एवढंच? पण वॉर्डात रात्र काढलेल्या बाईने त्या आकड्याकडे परत बघावं. त्या रात्री आमच्या ओळीत सहा पोरं सलाईनवर होती. अर्ध्या खाटा रिकाम्या असत्या तर त्या सिस्टरला शीर शोधायला वेळ मिळाला असता. लस घेतलेल्या मुलाला जुलाब होणारच नाहीत असं कुणी म्हणत नाही, दुसऱ्या कारणांनी होतात, रोटानेही हलके होतात, पण टाळू बसेपर्यंत जायची वेळ बऱ्याच जणांवर येत नाही.

भीतीचीही एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण माझ्या जावेने तेच विचारलं होतं. १९९८ मध्ये अमेरिकेत एक वेगळी रोटा लस आली होती, तिच्यामुळे काही बाळांच्या आतड्यात आतडं अडकलं आणि वर्षभरातच ती बंद केली. आताच्या लशी त्यानंतर खूप मोठ्या चाचण्यांतून गेल्यात, तो धोका अगदीच थोडा आहे, पण म्हणूनच डोस लवकर, सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना द्यायचा असतो, उशीर करायचा नसतो. आणि बाळ थांबून थांबून कळवळून रडायला लागलं, पोट फुगलं, शीत लाल जेलीसारखं रक्त दिसलं, तर लस घेतलेली असो नसो, तडक दवाखाना.

मुलगा पाचव्या दिवशी घरी आला. अक्कांनी कण्यांची पेज करून ठेवली होती, पातळ, मीठ घातलेली. त्याला भरवताना मी त्यांना विचारलं, तुम्हाला ते डोळ्यातल्या पाण्याचं कसं माहिती होतं? त्या जरा वेळ पेजेकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, माझी पहिली होती ना. मला माहीतच नव्हतं की पहिली कुणी होती. आठ महिन्यांची. दोन दिवस ढाळ लागली, सगळे म्हणाले दात येलालेत. दुसऱ्या दिवशी रडत होती आणि डोळे कोरडे होते, अक्कांना वाटलं, बरं झालं, आता कमी रडलालीय. एवढंच बोलल्या आणि पदराने वाटी पुसायला लागल्या, जी स्वच्छच होती.

माझी मुलगी २०१९ च्या दिवाळीत झाली. तिला तिन्ही डोस नागरी आरोग्य केंद्रात मिळाले, एक पैसा लागला नाही, आणि कार्डावर ऑप्शनल असं काही लिहिलेलं नव्हतं, इतर लसींच्याच ओळीत रोटा, तारीख, सही. तिला दोनदा जुलाब झाले लहानपणी. दोन्ही वेळा घरीच, वाटी-चमच्यावर भागलं.

आणि यंदा अक्कांची धाकटी सून बाळंत झाली, मुलगी झाली. चौदा आठवड्यांच्या डोसला सुनेचा ताप होता म्हणून अक्का आणि मी तिला घेऊन अंगणवाडीत गेलो. बाहेर गड्ड्याची वर्गणी मागणारी पोरं, आत बायकांची रांग. अक्कांनी कार्ड पिशवीत नाही, ब्लाऊजमध्ये धरलेलं. सिस्टरने आधी रोटाचा डोस बाळाच्या गालाच्या आत हळूच सोडला, बाळाने जीभ बाहेर काढून ओठ चाटले, तिला गोड लागलं असावं. मग पोलिओचे थेंब, आणि मग मांडीत सुया. सुई बसल्यावर एक क्षण शांतता, तोंड उघडं, आवाज नाही, आणि मग जे काही किंचाळली ती की रांगेतली पुढची दोन बाळंसुद्धा रडायला लागली. मी घ्यायला हात पुढे केले, थोपटायला. अक्कांनी दिली नाही. त्यांनी तिला उजेडाकडे वळवलं, चेहरा जवळ आणला, आणि त्या तंबाखूच्या वासाच्या बोटाने तिच्या गालावरचा थेंब टिपून मला दाखवला.

"येलालंय बघ," म्हणाल्या, "पाणी येलालंय."